'एम्प्टी डॉक्युमेंट म्हणतंय मॅडम': कॉलेजच्या नोट्स आणि वेबसाइट सगळ्यांना वापरता येतील अशा कशा करायच्या

मी सांगलीत एका कॉलेजात भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी एफवायच्या वर्गात तासगावकडून एसटीनं येणारी एक मुलगी आली, तिला अजिबात दिसत नाही. मी नेहमीसारखी ग्रुपवर नोट्सची पीडीएफ टाकली, चाळीस पानांची, आणि मनात म्हटलं झालं आपलं काम. दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीतून आली आणि म्हणाली, "मॅडम, लॅपटॉप एम्प्टी डॉक्युमेंट म्हणतोय, तुम्ही चुकून कोरी फाइल पाठवली का?" मी उघडून बघितली, चाळीसच्या चाळीस पानं जागेवर. तिच्यासाठी मात्र खरंच कोरी होती, कारण ते सगळे फोटो होते. २०१९ च्या पुरात आमच्या नोट्स भिजल्या, त्या वाळवून मोबाईलवर स्कॅन केल्या, मग लॉकडाऊनमध्ये त्याच स्कॅनचे स्कॅन फिरत राहिले, आणि आम्ही त्याला डिजिटल नोट्स म्हणत होतो.

त्यानंतर मी जे चुकतमाकत शिकले ते इथं लिहितेय. नवीन लागलेले सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे) सर-मॅडम, वेबसाइटवर नोटिसा चढवणारे ऑफिसमधले लोक, डिपार्टमेंटचं ब्लॉग-पेज सांभाळणारी पोरं, सगळ्यांसाठी. कॉम्प्युटरचं फार ज्ञान लागत नाही, मलाही नव्हतं.

काय काय लागेल

- विंडोजवाला कुठलाही लॅपटॉप आणि त्यावर एनव्हीडीए. हा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पूर्ण फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
- हेडफोन. स्टाफरूममध्ये बाकीच्यांचे कान किटतात.
- नोट्सच्या मूळ फाइल. पीडीएफ नाही, ज्या वर्डमधून पीडीएफ काढली ती. ही शोधण्यातच निम्मा वेळ जातो.
- गुगल अकाउंट, स्कॅनमधून अक्षरं काढायला.
- वेबसाइटचं लॉगिन, किंवा ज्याच्याकडे ते आहे त्याचा नंबर.
- विद्यार्थ्याचं यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. नोट्ससाठी नाही हं, नोट्स देताना प्रमाणपत्र मागत बसू नका, पण ऑनलाइन लायब्ररीची (पायरी ४) मेंबरशिप आणि परीक्षेच्या सवलतींना ते लागतं.

१. आधी स्वतः ऐका

ही पायरी सगळे टाळतात. एनव्हीडीए इन्स्टॉल करा, इन्सर्ट बटण म्हणजे त्याचं मुख्य बटण. कंट्रोल, इन्सर्ट आणि व्ही एकदम दाबलं की आवाजाचं सेटिंग उघडतं, तिथं मराठी आवाज निवडा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, दोन दिवसांत सवय होते. मग तुमचीच एखादी फाइल उघडा, इन्सर्ट धरून खालचा बाण दाबा आणि डोळे मिटून ऐका. थांबवायला कंट्रोल, पूर्ण बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

मी माझी पहिली फाइल अशी ऐकली तेव्हा दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला, खोटं कशाला सांगू.

मोबाईलवर बघायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, पण ते चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते शिकून घ्या. चालू झालं की एकदा टच करून ते नुसतं नाव सांगतं, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, आणि स्क्रोल करायला दोन बोटं. आमच्या एका सरांनी उत्साहात चालू केलं आणि फोन बिघडला म्हणून तडक मोबाईलच्या दुकानात गेले. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की ते चालू-बंद होतं, तो शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये ऑन करून ठेवा.

२. कॉपी-पेस्टची चाचणी

आता जुन्या फाइलींचा ढिगारा. प्रत्येक पीडीएफमधला एक परिच्छेद सिलेक्ट करून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करा. तीनपैकी एक काहीतरी होतं.

सिलेक्टच होत नाही: तो फोटो आहे, पायरी ४ बघा.

इंग्रजी अक्षरांचा काला येतो: जुना फॉन्ट आहे, पायरी ३.

मराठी नीट येतं: नशीबवान आहात, पायरी ५ वर जा.

चौथाही एक प्रकार आहे, तो फसवा. मराठी येतं पण जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या इकडंतिकडं पडलेल्या. युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या ठरलेल्या अक्षरपद्धतीत) टाइप केलं असलं तरी पीडीएफ होताना देवनागरीचं असं होतं कधीकधी. म्हणून मी आता पीडीएफसोबत वर्डची फाइल पण कायम देते. "पोरं बदल करतील त्यात" असं एक सर म्हणाले. करू देत की, त्यांच्याच नोट्स आहेत.

३. जुने फॉन्ट: खरं दुखणं हे आहे

इंग्रजीतल्या गाईडमध्ये ह्याच्याबद्दल एक ओळ सापडणार नाही, आणि आपल्याकडची निम्मी भानगड हीच. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी सुरेख, ह्या फॉन्टमध्ये जे टाइप केलंय ते दिसायला मराठी आहे पण आत इंग्रजी अक्षरं आहेत. उदाहरण सांगते, कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं तर कॉम्प्युटरच्या लेखी तिथं ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं असतात. फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा घालतो एवढंच. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो आतलं वाचतो. आमच्या त्या मुलीनं अशी एक फाइल अर्धा तास ऐकली होती, तिला वाटलं दुसऱ्या कुठल्या भाषेतली आहे.

उपाय म्हणजे युनिकोडमध्ये आणणं. नेटवर कन्व्हर्टर मिळतात, आपला फॉन्ट कुठला ते नक्की माहीत पाहिजे, कारण कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. कन्व्हर्ट झाल्यावर हे हमखास बिघडलेलं असतं:

- ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्या अदलाबदलीत घोळ होतो.
- रफार. 'पर्जन्य' आणि 'पर्वत' शोधून बघा.
- 'ऱ्या', म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्याची दिशा'. भूगोलात वारे पावलोपावली, मी एकेक हातानं दुरुस्त केलेत.
- मधेच आलेले इंग्रजी शब्द. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून पार वाट लावतो. म्हणून आधी इंग्रजी भाग बाजूला काढून ठेवा.

पुस्तिका प्रेसमध्ये छापली असेल तर डीटीपीवाल्याला गाठा. विश्रामबागेतल्या एका डीटीपीवाल्यानं मला सगळी फाइल काढून दिली, वर चहा पाजला. पण पुढच्या वेळी छापायला देतानाच "युनिकोडमध्ये करा" असं सांगायचं, नंतर कन्व्हर्ट करत बसण्यापेक्षा ते शंभर पटीनं सोपं.

नवीन टाइप करताना मंगल, निर्मला, नोटो सान्स देवनागरी, काहीही चालतं. कीबोर्ड इनस्क्रिप्ट असो नाहीतर फोनेटिक, त्यानं फरक पडत नाही. "मला टायपिंग येत नाही" वाल्यांनी क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंगला मराठी निवडावं आणि बोलत सुटावं. पूर्णविराम, स्वल्पविराम मात्र नंतर हातानं द्या.

४. स्कॅनमधून अक्षरं काढणं

ह्याला ओसीआर म्हणतात. सगळ्यात सोपा रस्ता: फाइल गुगल ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक, ओपन विथ, गुगल डॉक्स. वर फोटो आणि खाली टाइप केलेलं मराठी येतं. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, पान सरळ असू दे, आणि एकदम शंभर पानं टाकू नका, पाच-दहाचे तुकडे करा. छापील मराठी बऱ्यापैकी येतं. हस्ताक्षराच्या नादी लागू नका, तिथं व्हॉइस टायपिंगच बरं, म्हणजे आपल्याच वहीतून मोठ्यानं वाचायचं. पुरात भिजलेली पानं मी अशीच केली, रात्री जेवणं झाल्यावर वीस-वीस मिनिटं.

आलेला मजकूर एकदा मूळ पानाशी ताडून बघाच, आकडे तर दोनदा. माझ्या एका पानात ५ चे सगळीकडे ४ झाले होते.

पुस्तकाची पानं अशी करून दिली तर कॉपीराइटचं काय, हा प्रश्न प्रत्येक मीटिंगला येतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये ह्याची सोय केलेली आहे, दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात प्रत करून देणं हा भंग धरत नाहीत. ह्याच विषयावरचा माराकेश करार २०१३ चा, तो मंजूर करणारा पहिला देश आपलाच होता. फक्त ती प्रत त्या विद्यार्थ्यापुरतीच द्या, सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर फेकू नका. आणि एवढी मेहनत करण्याआधी सुगम्य पुस्तकालय ह्या ऑनलाइन लायब्ररीत ते पुस्तक आहे का बघा, आधीच कुणीतरी केलेलं असू शकतं.

५. वर्डची फाइल नीट बांधणं

आपण शीर्षक कसं करतो? अक्षर मोठं, बोल्ड, अंडरलाइन. डोळ्याला ते शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला साधी ओळ. वर्डमध्ये होम टॅबवर स्टाइल्स आहेत, तिथं धड्याच्या नावाला हेडिंग १, मुद्द्याला हेडिंग २, उपमुद्द्याला हेडिंग ३ द्या. मग विद्यार्थी एच दाबत दाबत मुद्द्यावरून मुद्द्यावर उड्या मारतो, नाहीतर 'वाऱ्याचे कार्य' ऐकायला आधीची चोवीस पानं ऐकावी लागतात. दिसायला आवडलं नाही तर स्टाइलचा फॉन्ट-रंग बदलता येतो, स्टाइल काढू नका.

भाषा पण सांगावी लागते. सगळं सिलेक्ट करून रिव्ह्यू, लँग्वेज, तिथं मराठी लावा. इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्याला इंग्रजी.

टेबलमध्ये दोन घरं जोडून एक मोठं करायची आपल्याला फार हौस. टाळा. ऐकणाऱ्याचा रांग-रकाना तिथं चुकतो. पहिल्या ओळीला हेडर रो करा. स्पेस मारून मारून रकाने जुळवणं तर पापच आहे, आणि ते मी दहा वर्षं केलं.

शेवटी रिव्ह्यूमध्ये चेक ॲक्सेसिबिलिटी दाबा, काय राहिलं त्याची यादी येते.

६. चित्रं, नकाशे, आलेख

प्रत्येक चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट लिहायचा, म्हणजे चित्राऐवजी ऐकू येणारं वाक्य. इथं मी सुरुवातीला 'नकाशा' एवढंच लिहायचे. नकाशा आहे हे कळून त्या पोरीनं काय करायचं? आता असं लिहिते: "कृष्णा नदीचा मार्ग. महाबळेश्वरला उगम, कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते." जे शिकवण्यासाठी चित्र टाकलंय तेवढंच लिहायचं, नकाशाची चौकट कुठल्या रंगाची ते नको. नुसतं शोभेचं चित्र असेल, फुलांची वेलबुट्टी वगैरे, तर डेकोरेटिव्ह वर टिक करा.

आलेखाला एक वाक्य पुरत नाही. वाक्यात कल सांगा, जसं की महाबळेश्वरकडून जतकडे जाताना पाऊस कमी होत जातो, आणि आकड्यांचं टेबल खाली द्या. टेबल सगळ्यांनाच उपयोगी पडतं, परीक्षेच्या आदल्या रात्री तर फारच.

रंगाचं एक. जास्त पाऊस हिरवा, कमी पाऊस लाल, असे नकाशे आपण सर्रास करतो आणि लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं प्रत्येक वर्गात एखाददुसरी असतात, सांगत नाहीत एवढंच. रंगासोबत अ, ब, क लिहा किंवा रेघा-ठिपके वापरा. पिवळ्यावर पांढरं, फिक्या निळ्यावर राखाडी असलं काही नको, अक्षर आणि मागचा रंग ह्यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असा नियम आहे, नेटवर कॉन्ट्रास्ट चेकर फुकट मिळतात.

गणित, स्टॅटवाल्यांनी सूत्रांचे फोटो डकवू नयेत. वर्डच्या इक्वेशनमध्ये लिहा. एनव्हीडीएला मॅथकॅट हे सूत्रं वाचणारं सॉफ्टवेअर जोडलं की सूत्रं वाचली जातात.

७. पीडीएफ काढताना

एकच गोष्ट: प्रिंटमध्ये जाऊन 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका. त्यानं हेडिंग, ऑल्ट टेक्स्ट, सगळी मेहनत धुऊन जाते. फाइल, सेव्ह ॲज, पीडीएफ, आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जवर टिक आहे का बघा. फाइलचं नावही माणसाला कळेल असं द्या, 'स्कॅन००१२' वरून कुणाला काय कळणार.

८. पीपीटी आणि व्हिडिओ

स्लाइडच्या तयार लेआउटमध्येच लिहा, मनाला येईल तिथं टेक्स्ट बॉक्स काढू नका, आणि प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक द्या. वाचनाचा क्रम रीडिंग ऑर्डरमध्ये तपासता येतो. वर्गात बोलताना "हे इथं बघा, हे तिथं" ऐवजी "उजवीकडच्या रकान्यात कोयनेचं खोरं" असं बोला.

व्हिडिओला सबटायटल हवीत, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. यूट्यूब स्टुडिओमध्ये स्वतः टाइप करता येतात. आपोआप आलेल्यांवर सोडू नका, गावांच्या नावांचे काय हाल होतात ते एकदा बघाच.

९. वेबसाइट

इथं सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे सही-शिक्का. नोटीस टाइप होते, प्रिंट होते, प्राचार्यांची सही होते, शिक्का बसतो, मग मोबाईलवर फोटो, तोही किंचित तिरका, आणि तो वेबसाइटवर. म्हणजे अक्षरांचं चित्र. ऑफिसमधल्या क्लार्कदादांना मी सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, सही-शिक्क्याशिवाय नोटीस म्हणजे लग्नात नवरदेव नाही." बरोबर आहे त्यांचं. तोडगा असा निघाला की पानावर नोटिशीचा मजकूर टाइप करायचा, तो तर कॉम्प्युटरवर आधीच असतो, आणि खाली सही-शिक्क्याची प्रत जोडायची. पाच मिनिटांचं काम. ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो टाकतानाही तसंच, खाली चार ओळी लिहा.

मग माऊस काढून ठेवा आणि नुसत्या टॅबनं सगळी साइट फिरा. आपण कुठल्या बटणावर आहोत हे दिसतंय का? मेनू उघडतो का? ॲडमिशनचा फॉर्म शेवटपर्यंत भरता येतो का? आमच्या साइटवर टॅब दाबत गेलं की फोटोंच्या स्लाइडरमध्ये अडकायला व्हायचं, बाहेर पडायला वाटच नाही. त्यानंतर कंट्रोल आणि प्लसनं २०० टक्के मोठं करा, काही कापलं जातंय का बघा.

वेबसाइटवाल्याला सांगायच्या गोष्टी:

- सरकणारी बातम्यांची पट्टी आणि लुकलुकणारं 'न्यू' काढा. किमान थांबवायचं बटण तरी द्या.
- 'येथे क्लिक करा' अशा लिंक नकोत. स्क्रीन रीडर लिंकची यादी काढतो तेव्हा तेरा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येतं. 'बीए भाग १ वेळापत्रक' असं लिहा.
- पानाची भाषा कोडमध्ये मराठी लावा. ती इंग्रजी राहिली की मराठी मजकूर चुकीच्या आवाजात जातो.
- फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला लेबल. नुसतं आत फिकट अक्षरात 'नाव' लिहिणं म्हणजे लेबल नाही.
- कॅप्चा (तुम्ही माणूसच आहात ना हे तपासणारी चौकट) चित्राचा असेल तर दुसरा पर्याय द्या.

वेव्ह आणि क्रोममधलं लाइटहाऊस ही तपासणीची फुकट साधनं आहेत, चुका लाल करून दाखवतात. पण लाइटहाऊसनं १०० मार्क दिले म्हणून नाचू नका. ऑल्ट टेक्स्ट आहे एवढंच त्याला कळतं, त्यात 'आयएमजी ४५६' लिहिलंय हे नाही कळत.

एक सापळा खास सांगते. वेबसाइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं बटण बसवून देतो, सगळी साइट ॲक्सेसिबल होईल, असं सांगणारे येतात. अक्षर लहानमोठं होतं, रंग उलटे होतात, पण फोटोतल्या नोटिशीतून अक्षरं काही बाहेर येत नाहीत. ते पैसे टायपिंगला द्या. वर्क ऑर्डरमध्येच 'डब्ल्यूसीएजी २.१, एए पातळी' (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी ह्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) असं लिहून घ्या, आणि बिल काढण्याआधी टॅबची चाचणी आपल्यासमोर करायला लावा.

१०. वरिष्ठांना पटवणं

पटलं नाही तर हे मुद्दे कामी येतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दलच आहे, आणि कलम ३२ नं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, म्हणजे मुलं येणारच. यूजीसीनं २०२२ मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. आणि हे सगळं ऐकूनही मान हलली नाही तर नॅक म्हणा. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ही संस्था दिव्यांगस्नेही सोयी विचारते, त्यात वेबसाइट आणि स्क्रीन रीडर दोन्ही येतं. नॅक म्हटलं की फाइल हलते, हा माझा अनुभव.

रॅम्प बांधलाय की, असं उत्तर येईल. रॅम्प पाहिजेच, पण रॅम्पवरून वर आलेल्या मुलीला वर्गात कोरी फाइल मिळते.

११. सुरुवात कुठून, आणि टेस्ट

सगळ्या नोट्स एकदम करायला जाऊ नका, मी गेले आणि दिवाळीची सुट्टी घालवून बसले. जो धडा पुढच्या आठवड्यात शिकवायचाय तो आधी. नवीन जे बनवाल ते पहिल्यापासून नीट, जुनं मागाहून. आणि विद्यार्थ्याला विचारा, कारण कुणाला वर्ड बरं पडतं, कुणाला ऑडिओ, कमी दिसणाऱ्या मुलाला नुसतं अक्षर मोठं हवं असतं, ब्रेल सगळ्यांनाच येते असं नाही.

इंटर्नल टेस्ट गुगल फॉर्मवर घेत असाल तर प्रश्नात नकाशाचा फोटो टाकून 'वरील आकृतीतील क' असं विचारू नका, आणि वेळेचं घड्याळ लावलं असेल तर त्या विद्यार्थ्याला जादा वेळ सेट करा. लेखी परीक्षेच्या २०१८ च्या केंद्राच्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा दिली होती, तोच हिशोब इथं धरायचा. टेस्टच्या दोन दिवस आधी एक डमी फॉर्म पाठवून तिच्या फोनवर उघडतोय का ते बघून घ्या. आमच्याकडं पहिल्या वेळी सगळं नीट होतं, फक्त सबमिटचं बटण टॉकबॅकला सापडत नव्हतं, कारण मी फॉर्म कॉलेजच्या साइटवरच्या एका छोट्या चौकटीत बसवला होता. सरळ लिंक पाठवली, झालं.